कागद बघा, खाटा मोजा: डळमळत्या नर्सिंग कॉलेजात नाव घालावं का?

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. नर्सिंगमध्ये सव्वीस वर्षं काढली, त्यातली पुष्कळशी वॉर्डात आणि थोडी मुलींना शिकवण्यात. त्यामुळे डिचोली-साखळीकडच्या ओळखीपाळखीच्या घरांत माझा नंबर फिरत असतो. पूर्वी विचारायचे, "सिस्टर, नर्सिंग केलं तर नोकरी लागते ना?" हल्ली प्रश्न वेगळा असतो. "सिस्टर, अमुक कॉलेजात सीट मिळते, पण तिथं काहीतरी गडबड आहे म्हणतात. घ्यावी का?"

त्या मुलीला शेजारच्या काकूने काहीतरी सांगितलेलं असतं, सीनियरने व्हॉट्सॲपवर काहीतरी लिहिलेलं असतं, आणि कॉलेजच्या ऑफिसात "काही नाही हो, लोक बोलतात" असं हसत उत्तर मिळालेलं असतं. चार वर्षं आणि काही लाख रुपये अशा ऐकीव गोष्टींवर लावायचे नसतात. मी फोनवर जे तुकड्यातुकड्यांत सांगते ते इथे सलग लिहिते. घरात याआधी कुणीच नर्स झालेलं नाही, अशांसाठी खास.

आधी गडबडीला नाव द्या

"तिथं गडबड आहे" हे वाक्य मला फोनवर चालत नाही. कसली गडबड? वहीच्या एका पानावर लिहून काढा. प्रिन्सिपल सोडून गेल्या. ट्रस्टच्या दोन भावांचं कोर्टात चाललंय. शिक्षकांचे तीन महिन्यांचे पगार थकलेत. निकाल आठ महिने लागला नाही. ज्या हॉस्पिटलात मुली जायच्या ते विकलं गेलं. यंदा निम्म्याच जागा भरल्या. ही सगळी गडबडच, पण एका वजनाची नव्हे.

माझं गणित साधं आहे. नर्सिंगचं कॉलेज दोन गोष्टींवर उभं असतं, कागदावर आणि खाटांवर. कागद म्हणजे मान्यता, संलग्नता, परीक्षा आणि शेवटी राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत तुमचं नाव. खाटा म्हणजे जिवंत पेशंट, आणि त्यांच्याजवळ उभं राहून शिकवणारं माणूस. गडबड या दोहोंपैकी एकाला लागली असेल तर प्रकरण गंभीर. नसेल तर तो बहुतेक वेळा नुसता आवाज असतो.

माझ्या भाचीच्या कॉलेजात दोन वर्षांत तीन प्रिन्सिपल बदलल्या. घरात रडारड. पण पोस्टिंग, म्हणजे हॉस्पिटलात जाऊन प्रत्यक्ष काम शिकणं, एकही दिवस चुकलं नाही, परीक्षा वेळेवर झाल्या, पोरगी वेळेत पास होऊन कामाला लागली. तिच्याच बॅचच्या एका मैत्रिणीने दुसरं कॉलेज घेतलं होतं. नाव सांगत नाही. इमारत नवी, वर्गात एसी, फाटकावर संगमरवरी पाटी. तिथं हॉस्पिटलबरोबरचा करार संपला आणि नवा व्हायला महिने गेले. तोवर मुली लॅबमध्ये पुतळ्याला इंजेक्शनं टोचत बसल्या. राहिलेले तास भरून काढेपर्यंत बॅच मागे पडली ती पडलीच. बाहेरून बघणाऱ्याला मात्र भाचीचंच कॉलेज डळमळीत वाटत होतं.

कागद

सगळ्यात आधी हे समजून घ्या की नर्सिंगच्या कॉलेजाला एकाच ठिकाणची परवानगी पुरत नाही. भारतीय नर्सिंग परिषद १९४७ च्या कायद्याने आली. अभ्यासक्रम काय असावा, खाटा किती, शिक्षक किती, हे ती ठरवत आली. राज्यात गोवा नर्सिंग कौन्सिल आहे, तुमची नोंदणी तिथं होते. पदवीचा अभ्यासक्रम असेल तर परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची, म्हणजे आपल्याकडे गोवा विद्यापीठाची. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा मंजूर केला. जुन्या परिषदेची जागा आयोगाने घ्यायची अशी त्यात तरतूद आहे. त्यामुळे कधी एखाद्या पत्रावर वेगळं शीर्षक दिसलं तर लगेच बोगस समजू नका.

आता कॉलेजात जाऊन काय मागायचं? चालू शैक्षणिक वर्षाचं विद्यापीठाच्या संलग्नतेचं पत्र आणि कौन्सिलच्या मान्यतेचं पत्र, दोन्हींची प्रत. "चालू वर्षाचं" हा शब्द तोंडात घोळवत ठेवा. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं पत्र पुष्कळदा कॉलेज सुरू झालं त्या वर्षाचं असतं. नर्सिंगमध्ये मान्यता एकदा मिळाली म्हणजे कायमची झाली असं होत नाही, तिचं पुन्हा पुन्हा परीक्षण होतं. पत्रावर तीन गोष्टी बघा: कोणता अभ्यासक्रम, कोणतं वर्ष, किती जागा. जागांचा आकडा सगळे विसरतात. चाळीस जागांची परवानगी असताना पन्नास मुलं घेतली, तर वरच्या दहांचं नाव विद्यापीठात जाणार कसं? त्यांना ते परीक्षेच्या तोंडावर कळतं.

"प्रस्ताव पाठवलाय", "इन्स्पेक्शन झालंय, पत्र यायचंच बाकी आहे" ही उत्तरं मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. कधी कधी ती खरीही असतात. पण पत्र आलेलं नाही तोवर तुमच्यासाठी ते नाहीच. ऑफिसातल्या बाईंशी वाद घालू नका. "पत्र आलं की फोन करा, त्याच दिवशी फी भरतो" म्हणा आणि उठा.

कॉलेजने दाखवलेल्या प्रतीवर थांबू नका. भारतीय परिषदेच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते, तीत नाव आणि जागा पडताळा. मग कौन्सिलमध्ये आणि विद्यापीठाच्या संलग्नता विभागात समक्ष जाऊन विचारा. ताळगावच्या पठारावर जायला एक दिवस मोडेल, मोडू द्या. तोंडी उत्तर मिळेना तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. खाजगी कॉलेज त्याला दाद देणार नाही कदाचित, पण विद्यापीठ आणि कौन्सिल यांना उत्तर द्यावंच लागतं, आणि त्याची मुदत तीस दिवसांची असते. आपल्याकडे बारावीचा निकाल लवकर लागतो, प्रवेश मात्र पुढे रेंगाळतात. हे मधले महिने आंबे खाण्यात घालवण्यापेक्षा अर्ज तेव्हाच टाका.

प्रवेशासाठी पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुळातून वाचा. गेल्या वर्षी कुणाच्या चुलतभावाला कसा प्रवेश मिळाला ते ऐकून चालू नका. बीएस्सी नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, परिषदेच्या नियमाप्रमाणे ४५ टक्के. अनुसूचित जाती-जमातींसाठी ४०. वय १७ पूर्ण हवं. या अटींत बसत नसतानाही "करून देतो" म्हणणारा माणूस भेटला, तर ती सीट नंतर तुमच्याच गळ्यात अडकते.

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) हा तीन वर्षांचा डिप्लोमा. त्याची परीक्षा विद्यापीठ घेत नाही, राज्याचं मंडळ किंवा कौन्सिल घेतं. तेव्हा विचारण्याची जागा बदलते, प्रश्न तेच. आणि म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या बाजारात दुसऱ्या मजल्यावर "नर्सिंग" अशी पाटी लावलेले सहा महिन्यांचे, वर्षाचे जे कोर्स असतात, त्यांतून पेशंटची देखभाल करणारे मदतनीस तयार होतात. काम प्रामाणिक आहे, पण त्यावर नर्स म्हणून नोंदणी होत नाही. हे माहीत असताना करायचं तर खुशाल करा.

कागद बिघडला की काय होतं ते मध्य प्रदेशात दिसलं. कागदावरच असलेली कॉलेजं, नसलेली हॉस्पिटलं, एकाच वेळी अनेक ठिकाणी दाखवलेले शिक्षक अशा तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या आणि सीबीआयला तीनशेहून अधिक कॉलेजं तपासावी लागली. २०२४ मध्ये तर तपास करणाऱ्यांतलेच काही लाच घेताना पकडले गेले. या सगळ्यात मुलांच्या परीक्षा वर्षानुवर्षं लटकल्या. पहिल्या वर्षाची परीक्षा न होता तिसरं वर्ष उजाडलं अशी गत. त्यात चांगल्या कॉलेजातली मुलंही अडकली, हे ध्यानात घ्या.

बेळगावला जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. कर्नाटकात मान्यतेचा अधिकार नेमका कुणाचा, यावर परिषदेबरोबर कोर्टकचेरी झाली आहे. त्यामुळे भारतीय परिषदेच्या यादीत नाव सापडलं नाही एवढ्यावरून तिथलं कॉलेज खोटं ठरत नाही. पण शिकून परत गोव्यात यायचं असेल तर आधी गोवा कौन्सिलला कॉलेजचं नाव देऊन विचारा, "इथून पास झाले तर इथं नोंदणी होईल का?" पुढे सरकारी जागेला अर्ज करताना कौन्सिलची नोंदणी, पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणीचं ज्ञान हे तिन्ही विचारतात. मराठी "असल्यास बरी" एवढंच जाहिरातीत लिहिलेलं असतं, तेव्हा आपल्या मराठी शाळेतल्या मुलींनी कोकणी गृहीत धरू नये.

खाटा

मला विचाराल तर निर्णय खरा इथं होतो. कागद निदान बघता येतो. खाटा बघायला कुणी जातच नाही.

नियमाप्रमाणे बीएस्सी नर्सिंग चालवणाऱ्या संस्थेचं स्वतःचं किमान शंभर खाटांचं हॉस्पिटल हवं. शिक्षक दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि पेशंट एका विद्यार्थ्यामागे तीन. आता हे घरच्या भाषेत करून बघा. एका वेळी वीस मुली पोस्टिंगला असतील तर साठ पेशंट हवेत, आणि साठ खाटा असून भागत नाही, त्यांवर माणसं झोपलेली हवीत. खाजगी हॉस्पिटलच्या फाटकावर "१०० खाटा" लिहिलेलं असतं, आत गेलं की दोन मजले बंद आणि तिसऱ्यावर आठ पेशंट.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. आपलं राज्य लहान, गंभीर पेशंटांचा ओघ बराचसा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. त्याखालोखाल मडगावचं आणि म्हापशाचं जिल्हा हॉस्पिटल. जुनी माणसं अजून हॉस्पिसियो आणि आझिलोच म्हणतात. मानसोपचाराच्या पोस्टिंगसाठी बांबोळीचीच मनोरुग्ण संस्था. म्हणजे खाजगी कॉलेजाचं स्वतःचं हॉस्पिटल कितीही चकचकीत असलं तरी प्रसूती, बालरोग, मानसोपचार, गावातलं आरोग्यकेंद्र यांसाठी सरकारी दारात उभं राहावं लागतं, आणि त्यासाठी परवानगीचं पत्र लागतं. त्याच दारात सरकारी संस्थेची मुलंही असतात.

म्हणून कॉलेजात गेल्यावर हे विचारा: बाळंतपणाच्या केसेस मुली कुठं करतात? मानसोपचाराचं पोस्टिंग गेल्या वर्षी कुठं आणि किती आठवडे झालं? कोणतं आरोग्यकेंद्र दिलंय? उत्तर पटकन, ठिकाणाच्या नावासह आलं तर बरं. "टाय-अप आहेत आमचे" एवढंच आलं तर कोणाशी, कधीपर्यंत, पत्र दाखवा. बाळंतपणाचा प्रश्न तर अजिबात सोडू नका. प्रत्येक मुलीने ठरलेल्या संख्येने केसेस करायच्या असतात, आणि हॉस्पिटलात महिन्याला चार बाळंतपणं होत असतील तर चाळीस मुलींच्या वह्या भरतील त्या एकमेकींच्या बघून. अशी मुलगी पुढे नाईटला एकटी लेबर रूममध्ये उभी राहते तेव्हा तिचे हात कापतात. मी पाहिलंय.

तास का महत्त्वाचे? परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते, पण पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक प्रॅक्टिकल विभागाचे तास शंभर टक्के पूर्ण असावे लागतात. पोस्टिंग बंद पडलं, मग कारण संप असो, करार संपलेला असो की कॉलेजने हॉस्पिटलची फी थकवलेली असो, ते तास माफ होत नाहीत. साठत जातात. शेवटचं आठवं सत्र तर सगळंच इंटर्नशिपचं, २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास. तिथं मागची उधारी फेडायला जागाच नसते. पगार थकले म्हणून क्लिनिकल ट्यूटर, म्हणजे वॉर्डात शिकवणाऱ्या बाई, सोडून गेल्या, हे ऐकून म्हणूनच माझे कान उभे राहतात. प्रिन्सिपल गेल्या तर खुर्ची रिकामी राहते. ट्यूटर गेली तर वॉर्डात मुली नुसत्या चादरी बदलतात आणि स्टाफची धावपळ करतात.

सकाळी पावणेसातला जा

माहितीच्या दिवशी, फुलांची कमान लावलेली असताना कॉलेज बघू नका. साधा मंगळवार-बुधवार पकडा आणि सकाळी पावणेसातला फाटकासमोर उभे राहा. कॉलेजची बस निघते का, वेळेवर निघते का, किती मुली बसतात, युनिफॉर्म घातलेली एखादी ट्यूटर बरोबर चढते का, ते बघा. गेल्या वर्षी पेडण्याच्या एका ओळखीच्या मुलीबरोबर मी अशीच गेले. सव्वासात झाले, बस नाही, मुली नाहीत. फाटकावरच्या वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "पंदरा दीस जाले, बस येना." ऑफिस उघडल्यावर आम्हाला सांगितलं ते असं, की क्लिनिकल अगदी नियमित चालू आहे.

मग तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुली गाठा. पहिल्या वर्षाच्या मुलींना विचारून उपयोग नाही, त्यांना अजून सगळंच नवं असतं आणि सीट घेतल्याचं समर्थनही करायचं असतं. मोठ्यांना कँटीनमध्ये नको, कदंबच्या बसस्टॉपवर विचारा. "कॉलेज कसं आहे?" हा प्रश्न फुकट जातो. विचारायचं असं: मागच्या सत्राची परीक्षा कधी झाली, निकाल किती दिवसांनी आला? विद्यापीठाचा पीआर नंबर, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, सगळ्यांना मिळालाय का? लॉग बुकवर, म्हणजे वॉर्डात केलेल्या कामाच्या वहीवर, सही कोण करतं, आणि ती सही करणारी बाई वॉर्डात दिसते का? तुमच्या पुढची बॅच पास होऊन किती दिवसांत नोंदणी झाली? शेवटच्या प्रश्नाला त्या एकमेकींकडे बघू लागल्या की उत्तर कळलं.

आणखी एक साक्षीदार असतो, त्याला कुणी विचारत नाही: हॉस्पिटलच्या वॉर्डातली इन्चार्ज सिस्टर किंवा जुनी आया. कोणत्या कॉलेजच्या मुलींना सांगावं लागत नाही आणि कोणाच्या मुली बीपीचा कफ उलटा बांधतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. ओळख काढा, गोव्यात ती दोन घरांआड निघतेच.

पैसे आणि मूळ दाखले

चारही वर्षांची फी एकदम भरा, सवलत देतो, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. डळमळत्या संस्थेला रोकड हवी असते, तिचं ओझं तुम्ही का उचलायचं? वर्षाची, जमल्यास सत्राची फी भरा आणि प्रत्येक वेळी संस्थेच्या नावाची छापील पावती घ्या. "डेव्हलपमेंट"च्या नावाखाली पावतीशिवाय मागितलेली रक्कम परत येत नाही.

पदवीच्या कॉलेजांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची सूचना कामाची आहे. प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी नाव काढलं तर थोडी प्रक्रिया-फी वगळून सगळी फी परत, त्यानंतर पण तारखेच्या आत ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, आणि पुढे काही नाही. म्हणून ती शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कॉलेजने ठेवून घ्यायचे नाहीत, तपासून परत द्यायचे, असंही त्यात आहे. तरी काही ठिकाणी "राहू द्या इथंच, सुरक्षित" म्हणतात. ते दाखले हातात नसले तर ऐनवेळी दुसरीकडे प्रवेश घेता येत नाही. अडकवण्याची ही जुनी रीत. डिप्लोमाला ही सूचना लावून घेता येईलच असं नाही, तिथं परताव्याची अट आधीच लिहून घ्या.

कर्ज काढायचं असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी योजना आधी बघा, मग बँक. बँक मान्यतेची पत्रं मागते, आणि हा तुमच्या फायद्याचा भाग आहे: मॅनेजरने कॉलेजचं नाव ऐकून तोंड वाकडं केलं तर का ते विचारा. कॉलेज बंद पडलं तरी कर्ज बंद पडत नाही, ते मुलीच्या आणि तुमच्या नावावर राहतं.

मग ठरवायचं कसं

चालू वर्षाचा कागद नसेल तर नाही. इथं माझ्याकडे मधला रस्ता नाही.

कागद आहे, पण खाटांचं उत्तर पोकळ आहे: एका सत्रापुरती वाट बघण्याइतका वेळ हातात असेल तर थांबा, करार झाला का बघा. वेळ नसेल तर दुसरं कॉलेज घ्या, भले ते लांबचं असो. वाळपईहून रोज बांबोळीला ये-जा करणाऱ्या मुली आहेतच.

कागद आहे, खाटा आहेत, पण ट्रस्टमध्ये भांडण, प्रिन्सिपल नवी, जागा निम्म्याच भरलेल्या: मी नाव घालीन. निम्म्या जागांचा तर फायदाच, पेशंट वाट्याला जास्त येतात. फक्त जागा दरवर्षी घटत असतील तर संस्था तोट्यात जाऊन बंद करायचं ठरवील का, एवढं थेट विचारा. बंद करायचंच झालं तरी आत असलेली बॅच पूर्ण करून देणार का, हेही विचारा.

पगार थकलेत, हे मात्र मधलं प्रकरण. एक महिना थकला तर कुठंही थकतो. तीन महिने थकले आणि दोन ट्यूटर गेल्या असतील तर ते खाटांच्या खात्यात धरा.

घरात सगळ्यात जास्त भीती असते ती वर्ष फुकट जाण्याची. चवथीला पाहुणे आले की "ताई काय करते?" विचारतील, आणि "घरी आहे" सांगावं लागेल. पण नर्सिंगला पस्तिशीपर्यंत प्रवेश मिळतो. एक वर्ष थांबून सरकारी संस्थेसाठी पुन्हा प्रयत्न केला तर फार तर एक वर्ष जातं. अडकलेल्या बॅचची किती वर्षं जातात ते आधीच सांगता येत नाही. जीएनएम करून नोंदणी घ्यायची आणि पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करायची, हाही जुना, चालून गुळगुळीत झालेला रस्ता आहे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांद्याकडच्या मुलांनी गोव्याचं कॉलेज घेताना आधी ठरवावं की नोकरी कुठं करायची. महाराष्ट्रात करायची असेल तर तिथल्या परिषदेत नोंदणी बदलून घ्यावी लागेल, आणि गोव्यातल्या सरकारी जागेला रहिवासी दाखल्याची अट आडवी येईल.

आत असाल आणि आता डळमळू लागलं असेल तर

कला शाखेसारखं एका कॉलेजातून उठून दुसऱ्यात बसता येत नाही. दोन्ही कॉलेजं, विद्यापीठ आणि कौन्सिल सगळ्यांची संमती आणि समोर रिकामी जागा लागते. म्हणून पहिल्या अफवेला पळापळ नको. पुरावा साठवायला मात्र त्याच दिवशी सुरुवात करा.

लॉग बुकच्या प्रत्येक सही झालेल्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा आणि तो आईच्या किंवा भावाच्या मोबाईलवरही पाठवून ठेवा. हजेरीचा तक्ता, ड्युटीचा रोस्टर, फीच्या पावत्या, हॉल तिकीट, सगळं एका फाईलमध्ये. पोस्टिंग ज्या दिवशी झालं नाही तो दिवस आणि सांगितलेलं कारण वहीत तारखेसह लिहा. तक्रार करायची वेळ आली तर एकटीने तोंडी नको. पंधरा-वीस जणींच्या सह्यांचा अर्ज, आधी प्रिन्सिपलला, आठवड्याभरात उत्तर नाही तर विद्यापीठाला आणि कौन्सिलला, प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का मारून. पालकांना पुढे करा. मुलींना इंटर्नल मार्कांची भीती दाखवता येते, बापांना नाही. वर्तमानपत्राकडे जायचं तर ते सगळ्यात शेवटी, कारण बातमी छापून आली की पुढच्या वर्षीचे प्रवेश आटतात आणि कॉलेज आणखी खाली जातं, तुम्ही आतच असताना.

आणि पास होऊन बाहेर पडाल त्याच महिन्यात विषयवार तासांसह ट्रान्स्क्रिप्टच्या, म्हणजे शिकलेल्या विषयांच्या अधिकृत उताऱ्याच्या, चार-पाच प्रती घेऊन ठेवा, निदान दोन कॉलेजच्या सीलबंद पाकिटात. आज वाटेल, मला कुठं परदेशात जायचंय? पाच वर्षांनी आखातात किंवा आयर्लंडला जायचं ठरलं की तिथली माणसं थेट कॉलेजकडे आणि विद्यापीठाकडे पडताळणी मागतात. कॉलेजच्या फाटकाला तोवर कुलूप लागलेलं असेल, तर विद्यापीठात आणि कौन्सिलमध्ये तुमची नोंद सापडायला हवी. म्हणून कौन्सिलची नोंदणी आणि नर्सेससाठीचा राष्ट्रीय ओळख क्रमांक तेव्हाच उरकून घ्या, आणि दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि नोंदणीवरचं नाव अक्षरनअक्षर जुळतं का ते काउंटरवरून हलण्याआधी तपासा. बापाच्या नावातल्या एका वेलांटीसाठी माझ्या एका विद्यार्थिनीने पणजीला सात फेऱ्या मारल्या.